सोनोनेभाऊंचा पांढरा टॅग

आमच्या वरच्या मजल्यावरचे सोनोनेभाऊ चहाचा कप हातात आला की तो आधी डोक्याच्या वर धरतात आणि बुडाखालचा शिक्का वाचतात. कप भरलेला असतो, वाफ येत असते, समोर बसलेल्या माणसाचा श्वास अडकलेला असतो. भाऊंचा हात मात्र हलत नाही. "शिक्का आहे. पास," असं म्हणून मग ते पहिला घोट घेतात. शिक्का नसला तरी चहा पितात, पण त्या दिवशी चहाबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

ओजस, तन्वी, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीच्या लॅपटॉपला ती पिवळी चिठ्ठी कसली लटकते आहे? मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती, मध्येच तुमची शाळेची बस येते आणि मी अर्ध्या वाक्यात उरते. ती चिठ्ठी सोनोनेभाऊंची आहे, त्यामुळे आधी भाऊ सांगावे लागतील.

भाऊ मूळचे बुलढाण्याकडचे. आय.टी.आय. करून मुंबईला आले आणि इथे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पाइपांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. बाकीचे व्हॉल्व्ह बनवत, भाऊ ते तपासत. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. तपासलेल्या प्रत्येक पीसला दोऱ्याने एक टॅग बांधायचा, ही तिथली पद्धत. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे होल्ड, अजून काहीतरी बघायचं बाकी आहे. पांढराही एक टॅग असे, पण तो मला फार उशिरा कळला, तेव्हा तुम्हालाही उशिराच सांगते.

भाऊ निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत कारखानाही बंद पडला. उरलेल्या टॅगांची खोकी रद्दीत निघाली होती, ती भाऊंनी रिक्षात घालून घरी आणली. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक भिंग, एक लोहचुंबक आणि टॅगांची जुडी असते. लिफ्टच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली निघाली तेव्हा लिफ्टच्या दाराला लाल टॅग लागला. नवीन प्रमाणपत्र येईपर्यंत भाऊ तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढत राहिले. मीही दुसऱ्यापर्यंत चढले. लाल टॅग बांधलेल्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायला धीर होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात गावठाणातल्या फिलोमिनाबाई घरी कुटलेला मसाला बाटल्यांत भरून विकायला येतात. भाऊंनी एकदा त्यातला चमचाभर मसाला पाण्याच्या ग्लासात सोडला आणि रंग सुटतो का ते भिंगातून बघत बसले.

"ए सोनोने," फिलोमिनाबाई कडाडल्या, "माझ्या सासूपासून चालत आलेला मसाला तू पाण्यात बुडवतोस? आधी तुझ्या तोंडाला लाव ती लाल चिठ्ठी!"

"बाई, तपासणीच्या वेळी तपासणाऱ्याशी बोलू नये," भाऊ ग्लासावरची नजर न काढता म्हणाले.

पाच मिनिटांनी त्यांनी बाटलीला हिरवा टॅग बांधला. फिलोमिनाबाई पुटपुटत गेल्या, पण तो टॅग त्यांनी स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीशेजारी टांगला आहे. मी स्वतः पाहिलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

भाऊंच्या बोलण्याची एक गंमत आहे. तपासत असताना ते छापील मराठी बोलतात, कारखान्याच्या फॉर्मवर असते तशी. मनातलं काही बोलायचं असलं की मात्र वऱ्हाडी येते. त्यामुळे मनातलं क्वचितच बोलतात हे चटकन कळतं.

तर मुद्दा संगणकाचा. सोसायटीच्या ऑफिसात एक संगणक आहे. आमचे सेक्रेटरी मेहताभाई त्यावर पावत्या करतात. भाऊ एकदा पाणीगळतीचा अर्ज द्यायला गेले आणि त्यांना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, फिकट अक्षरं दिसली. ऑपरेटिंग सिस्टिमची ही प्रत अस्सल नाही, अशा अर्थाची. तुम्हाला हे सगळं पाठ असेल, मला नव्हतं. संगणक ज्याच्यावर चालतो ती मूळ प्रणाली लायसन घेऊन वापरायची असते, आणि पुष्कळ लोक ते न घेता कोणाच्या तरी सीडीवरून टाकून घेतात. संगणक चालतो. फक्त कोपऱ्यात ती अक्षरं येऊन बसतात आणि जात नाहीत.

"मेहताभाई, हे काय आहे?"

"अरे सोडा ना सोनोनेसाहेब. ते असंच येतं. चालतंय ना मस्त? कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," भाऊ म्हणाले, आणि पडद्याच्या कोपऱ्याला लाल टॅग लागला. पावती करायला गेलेला प्रत्येक सभासद आधी टॅग वाचायचा आणि मग मेहताभाईंकडे बघायचा. आठवडाभर त्यांनी काढला. मग मुकाट्याने लायसन मागवलं आणि भाऊंना बोलावून हिरवा टॅग बांधून घेतला. "वाट लावली यार तुम्ही माझी," असं म्हणत चहाही पाजला. कप वर गेला, खाली आला.

आता भाऊंना काम मिळालं. सोसायटीतला प्रत्येक संगणक तपासायचा. त्यांनी वहीत चार पायऱ्या लिहून काढल्या. आधी मशीनच्या पोटाखालचं स्टिकर बघायचं, त्यावरचा होलोग्राम तिरका धरला की रंग बदलतो का. मग सेटिंग्जमध्ये लायसनचं पान उघडून ते सक्रिय आहे का वाचायचं. मग लायसनचा तो लांबलचक नंबर कुठे छापलेला आहे का. शेवटी बिल. विकणाऱ्याचं नाव, गाव, सही. घरोघर जाताना त्यांना यादी टाइप करून हवी होती. माझी आयुष्यभराची नोकरी एका शिपिंग कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात झालेली, तक्ते आखायला मला आवडतं. मी तक्ता करून दिला. फ्लॅट, मशीन, निकाल, शेरा.

पहिला नंबर माझ्या लॅपटॉपचा लागला. भाऊंनी तो उलटा केला, स्टिकर तिरकं धरलं, पान उघडलं, नंबर भिंगातून वाचला. तीन पायऱ्या पार. "बिल?"

"बिल मुलाकडे राहिलंय. त्यानेच तिकडून आणला ना हा. फोटो मागवते."

"फोटो चालत नाही वहिनी. मूळ बिल, आणि तेही पीससमोर." त्यांनी पिवळा टॅग काढला आणि त्यावर लिहिलं, होल्ड, मूळ बिल बघणे बाकी. दोरा लॅपटॉपच्या बिजागरीतून ओवला. तोच तुम्हाला दिसतो.

पंधरा दिवसांत सगळी इमारत झाली. भाऊंनी वही दिली, मी तक्ता भरत गेले. कुठे हिरवा, कुठे लाल, दोन ठिकाणी भांडण. सगळं टाइप करून झालं आणि माझ्या लक्षात आलं की एक ओळ रिकामी आहे. फ्लॅट ३०२. सोनोनेभाऊंचा स्वतःचा.

"भाऊ, ३०२?"

"तो होल्डवर आहे."

"कशासाठी होल्ड? शेऱ्यात काय लिहू?"

"राहू द्या वहिनी," ते म्हणाले आणि वही उचलून गेले. वही उघडी होती ती बंद करायचंही विसरले.

तक्त्यात रिकामी ओळ राहिली की मला चैन पडत नाही. तुमचे आजोबा म्हणायचे, हिला मोकळी जागा दिसली की ही भरायला धावते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्ता घेऊन वर गेले. जिना चढता चढता मला एक गोष्ट आठवली, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला परत फिरावंसं वाटायला लागलं.

भाऊंना एक मुलगी आहे, सुजाता. ती दहावीत असताना तिची आई गेली. मग घरात दोघंच. सकाळी दोन डबे भरून एकाच वेळी जिना उतरत, भाऊ कारखान्याकडे, ती शाळेकडे. पुढे तिने डिप्लोमा केला, त्याच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा भाऊ निवृत्त झाले. आम्ही गच्चीवर छोटा कार्यक्रम केला. सुजाताने त्या दिवसासाठी एकेक भाग जमवून, अभ्यासाच्या टेबलाखाली लपवून, स्वतःच्या हाताने एक संगणक जोडला होता. उद्यापासून बाबांना तपासायला काही नसणार, म्हणून. पांढऱ्या चादरीखाली झाकून तिने तो गच्चीवर आणला आणि सगळ्यांसमोर चादर ओढली. टाळ्या पडल्या. भाऊ पुढे झाले. मशीनला एक फेरी मारली.

"लायसन?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीकडच्या सीडीवरून टाकलंय बाबा. सध्या चालवायला. नंतर घेऊ ना."

भाऊंनी खिशातून लाल टॅग काढला आणि बांधला.

सगळे हसले. मीही हसले. आम्हाला वाटलं, निवृत्तीच्या दिवशी भाऊंनी गंमत केली. सुजाता हसली नाही. तिने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं, कप गोळा केले, संगणक परत खाली नेला. महिन्याभरात तिला बेंगळुरूला नोकरी लागली. लग्नही तिकडेच रजिस्टर झालं, भाऊ जाऊन साक्षीदाराची सही करून आले. दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, औषध घेतलंत का, बरं ठेवते. पण त्यानंतर सात वर्षांत तिने ३०२ मध्ये पाऊल टाकलं नव्हतं. मी समजत होते, तो संगणक भाऊंनी केव्हाच भंगारात दिला असेल.

दार उघडंच होतं. संगणक खिडकीपाशी होता. त्यावर धुतलेला, इस्त्री केलेला पंचा. बाजूला लाल टॅग, रंग उडून गुलाबी झालेला.

माझ्या हातातला तक्ता भाऊंनी पाहिला. पंचाची घडी घातली, बटण दाबलं, आणि खुर्ची माझ्यासाठी ओढली. मशीन बराच वेळ घरघरत राहिलं. मग काळ्या पडद्यावर, बाकी काही यायच्या आधी, एक चौकोन आला. त्यात एकच ओळ होती.

बाबा, आज काय तपासायचं?

खाली 'ठीक आहे' असं बटण. भाऊंनी ते दाबलं तेव्हा कुठे पुढचं सगळं आलं, आणि उजव्या कोपऱ्यात ती फिकट अक्षरंही.

"हे तिनं टाकलेलं हाये," भाऊ म्हणाले. वऱ्हाडी ऐकून मी तक्ता उलटा करून मांडीवर ठेवला. "रोज चालू केलं का पयले हेच येते. त्या दिवशी गच्चीवर मी बटण दाबलंच नाई, वहिनी. चालू न करताच लाल बांधला. पस्तीस वर्षांत एक व्हॉल्व्ह असा बांधला नसन मी, पाणी सोडून पाह्यल्याबिगर. अन् पोरीच्या मशीनले बांधला. ती गेल्यावर चालू केलं, तवा दिसलं."

"मग लायसन घालून घ्यायचं होतं. मेहतांचं घातलं की."

"दुकानवाला म्हणते, सगळं पुसून नव्यानं टाका लागते. मंग ही ओळबी जाते."

रोज सकाळी आठ वाजता ते मशीन चालू करतात, ओळ वाचतात, 'ठीक आहे' दाबतात आणि बंद करतात. एवढाच त्या संगणकाचा उपयोग.

मग ते उठले आणि मशीनच्या मागच्या बाजूने हात घालून एक दोरा पुढे ओढला. त्याला पांढरा टॅग होता. हा टॅग कारखान्यात फार क्वचित निघायचा. एखादा पीस मापात बसत नाही, पण चालतो आणि कोणाला धोका नाही, असं असलं तर त्याला 'डेव्हिएशन' देऊन स्वीकारता येई. मात्र त्यावर दोन सह्या लागत. एक तपासणाऱ्याची, एक तो पीस बनवणाऱ्या विभागाची.

"साहेबलोक म्हणायचे, सोनोने, केसभर कमी हाये, चालवून घे. मी नाई घेतलं कधी. हा माया पयला पांढरा टॅग."

टॅगवर भाऊंची सही होती, सुबक, जुन्या शाईची. खाली 'बनवणाऱ्या विभागाची सही' असं छापलेलं आणि पुढे कोरी रेघ.

"कधी केलीत सही?"

"ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"सात वर्षं झाली भाऊ! तिला सांगितलंत?"

"सही पीससमोर व्हावी लागते. फोनवर सांगून चालत नाई."

"मग बोलवा तिला."

"विभागाले बोलवाचं तर लेखी पत्र लागते."

"मग लिहा पत्र."

भाऊ त्या दोऱ्याला गाठी मारत राहिले. "काय लिहू?" असं म्हणाले, आणि तेव्हा मला कळलं की होल्डवर संगणक नव्हता.

पत्र हा माझा प्रांत. मी नोकरीत हजारो पत्रं लिहिली, जहाज उशिरा लागलं, माल भिजला, आम्ही दिलगीर आहोत. दिलगीर कोणीच नसे, पण पत्र चोख असे. मी खाली येऊन लॅपटॉप उघडला, भाऊ समोर बसले. मी 'चिरंजीव सुजाता, अनेक आशीर्वाद' लिहिलं. भाऊंनी मान हलवली.

"घरगुती नको वहिनी. ऑफिशियल ठेवा. नाहीतर तिले वाटंन बाप रडून राह्यला."

मग 'प्रति, बनवणारा विभाग' असं झालं. विषय, पीस क्रमांक एक. आपल्या विभागाकडून आलेल्या पीसची फेरतपासणी करण्यात आली आहे. पीस डेव्हिएशनखाली स्वीकारण्याचा प्रस्ताव आहे. तरी विभागाने प्रत्यक्ष हजर राहून सही करावी ही विनंती. मी शेवटी 'तुझी वाट पाहतो' घालून बघितलं. भाऊंनी ते खोडायला लावलं. मग म्हणाले, "'शक्य तितक्या लवकर' एवढं घाला."

पत्र टपालाने गेलं. नंतरचे दिवस भाऊ कोणाच्याही दारावर तपासायला गेले नाहीत. मेहताभाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "सोनोनेसाहेब बरे आहेत ना? ऑफिसात नवा पंखा लावला, चार दिवस झाले, अजून बघायला आले नाहीत."

त्या रविवारी सुजाताचा फोनही आला नाही. भाऊ दुपारी माझ्याकडे येऊन बसले. चहा दिला तर कप वर न धरताच प्यायले. मला वाटलं, आपण तक्त्याची ओळ भरायला गेलो आणि होतं तेवढंही घालवलं.

बुधवारी ते जिना उतरत आले, फोन पुढे धरून. चष्मा डोक्यावर तसाच. सुजाताचा संदेश होता. आपले पत्र मिळाले. विभागाचा प्रतिनिधी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता हजर राहील. चहाची व्यवस्था असावी.

"कोणाची मुलगी आहे ते कळतंय," मी म्हटलं. भाऊंनी तो संदेश पुन्हा वाचला, भिंग काढून.

रविवारी साडेसातपासून भाऊ फाटकापाशी उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. मला 'साक्षीदार' म्हणून बोलावलं होतं, म्हणून मी खिडकीतून बघत होते. दहा वाजून गेल्यावर रिक्षा आली. सुजाता उतरली. केस कापलेले, थोडी जाड झालेली, खांद्याला मोठी पर्स. सात वर्षांनी मुलगी घरी आल्यावर दोघं एकमेकांना काय म्हणत असतील, म्हणून मी कान दिला.

"तीन मिनिटं उशीर," भाऊ म्हणाले.

"रिक्षावाल्याला लाल टॅग लावा," ती म्हणाली.

वर गेल्यावर भाऊंनी स्वतः केलेला चहा आणला. सुजाताने कप घेतला, डोक्याच्या वर धरला, बुडाखाली बघितलं. हात जरासुद्धा हलला नाही. "शिक्का आहे. पास." भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, समोरच्या इमारतीचा गळका पाइप होता.

मग ती संगणकापाशी गेली. लाल टॅगला हात लावला नाही. पांढरा टॅग दोन्ही बाजूंनी वाचला, अगदी सावकाश, त्यांच्यासारखाच ओठ हलवत.

"बाबा, हा अपुरा आहे."

"कुठे?"

"कारणाचा रकाना कोरा आहे. डेव्हिएशनचं कारण काय? कारणाशिवाय विभाग सही करणार नाही."

मला वाटलं, आता भाऊ छापील काहीतरी सांगतील, नियम क्रमांक अमुक. त्यांनी पेन काढलं. टॅग टेबलावर सपाट केला. त्यांचं अक्षर नेहमी ठसठशीत असतं, त्या दिवशी ते बारीक झालं. त्यांनी तीन शब्द लिहिले आणि टॅग तिच्याकडे सरकवला. नंतर तो मला साक्षीदार म्हणून दाखवला गेला, म्हणून सांगू शकते. कारण: तपासणाऱ्याकडून चूक झाली.

मोजून बघितलं तर चार शब्द होतात कारण धरून, पण सुजाताने मोजले नाहीत. तिने बराच वेळ तो टॅग हातात धरला. मग सही केली. आणि 'मुदत' असा आणखी एक रकाना होता, तो तिने न विचारता भरला. पुढच्या भेटीपर्यंत.

"तेव्हा येताना लायसन आणते," ती म्हणाली. "ओळ न पुसता घालता येतं बाबा. दुकानवाल्याला काय कळतंय."

भाऊंनी लाल टॅगचा दोरा कापला, पांढरा टॅग पुढच्या बाजूला बांधला आणि लाल टॅग घडी करून खिशात ठेवला. सुजाताने बटण दाबलं. घरघर झाली. काळ्या पडद्यावर चौकोन आला. बाबा, आज काय तपासायचं?

"काई नाई," भाऊ पडद्याला म्हणाले. "आज सुट्टी."

याला आता वर्ष होऊन गेलं. सुजाता चार वेळा येऊन गेली. दर वेळी आल्याआल्या कपाळाला हात लावते, "अरे देवा, लायसन राहिलंच," आणि भाऊ ताबडतोब नवा पांढरा टॅग काढतात. "हरकत नाही. मुदत वाढवू." दोघं सह्या करतात, पुढच्या भेटीपर्यंत. मेहतांच्या मागे आठवडाभर हात धुऊन लागलेला हा माणूस तिला फोनवर एकदाही लायसनची आठवण करून देत नाही. ३०२ ची ओळ माझ्या तक्त्यात अजून पेन्सिलने लिहिलेली आहे.

अर्धवट राहिलेलं काम मला बघवत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या खेपेला ती निघाली तेव्हा मी तिला जिन्यात थांबवलं. म्हटलं, "अगं, एवढी शिकलेली तू, दर वेळी कसं विसरतेस? एकदाचं आण ते."

तिने वर बघितलं, दार बंद आहे ना याची खात्री केली आणि पर्सची चेन उघडली. आत लायसनचं पाकीट होतं. सीलबंद, होलोग्राम असलेलं, आणि कोपरे पर्समध्ये राहून राहून मळलेले.

"दुसऱ्या खेपेपासून इथेच आहे काकू," ती म्हणाली. "बाबांना बोलू नका हं."

मी बोलले नाही. पण ती असते तेव्हा ती पर्स भाऊंच्या सोफ्यावर उघडी पडलेली असते, आणि भाऊंच्या खिशात भिंग असतं. त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तर मुलांनो, पिवळ्या चिठ्ठीची हकिगत ही अशी. लॅपटॉपचं बिल तुमच्या बाबाच्या कपाटात, डाव्या खणातल्या निळ्या फाइलीत आहे. मागे मी तुमच्याकडे आले होते तेव्हा मीच लावून ठेवलं होतं. परवा तो म्हणाला, आई, स्कॅन करून पाठवतो, नाहीतर कुरियरने पाठवतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्याला सांगा, भाऊंना स्कॅन चालत नाही. कुरियरही नको, हरवतं.

बिल पाठवू नका. येताना घेऊन या.